स्कॅनिंग झाले, पुढे काय?
ग्रंथालयातल्या साठवण-सर्व्हरची मांडणी आणि तिच्या मर्यादा

गेल्या पंधरा-वीस वर्षांत महाराष्ट्रातल्या अनेक ग्रंथालयांनी जुनी पुस्तके, बंद पडलेल्या मासिकांचे अंक आणि मोडी कागद स्कॅन करून घेतले. देणगीदार मिळाले, काम पार पडले, वार्षिक अहवालात नोंद झाली. मात्र त्या फायली आज कुठे आहेत असे विचारले, की माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच संस्थांमध्ये एक कपाट उघडले जाते आणि आतून खिशात मावेल अशी पोर्टेबल हार्ड डिस्क बाहेर येते. ती शेवटची कधी उघडून पाहिली, याचे उत्तर सहसा मिळत नाही. ज्यांना हा धोका जाणवला आहे अशा संस्था आता ‘सर्व्हर बसवून’ घेऊ लागल्या आहेत. पुरवठादार येतो, लोखंडी चौकटीत एक खोके बसवतो, हिरवे-निळे दिवे लुकलुकू लागतात आणि कार्यकारिणी निर्धास्त होते.

हा लेख त्या खोक्याविषयी आहे. ते कसे बसवतात, आत डिस्क कशा मांडतात, ती मांडणी कशापासून वाचवते आणि कशापासून वाचवत नाही, हे साहित्याच्या वाचकालाही ठाऊक असायला हवे असे मला वाटते. ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर बहुधा तोच असतो आणि खरेदीच्या कागदावर सहीही त्याचीच असते.

साठवायचे किती?

मांडणीची सुरुवात गुणाकाराने होते. ए-फोर आकाराचे पान इंचाला ३०० ठिपके या घनतेने रंगीत स्कॅन केले, तर आडवे सुमारे २,४८० आणि उभे ३,५०८ ठिपके भरतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. म्हणजे मूळ प्रत न दाबता टिफ स्वरूपात ठेवली, तर एका पानाचे २६ मेगाबाइट होतात. ३०० पानांच्या पुस्तकाचे जवळपास ८ गिगाबाइट आणि चार हजार पुस्तकांचे ३१ टेराबाइट. तेच पान टंकून ठेवले तर? युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पानावर दोन हजार चिन्हे धरली तरी ६ किलोबाइटच्या वर जात नाही. पानाचे चित्र हे पानावरच्या मजकुराच्या चार हजार पटींहून मोठे असते. तरीही चित्र ठेवावे लागते, कारण समासातला शेरा, दफ्तराचा शिक्का, खोडलेला शब्द आणि वळणावरून ओळखू येणारा लेखनिक हे सारे चित्रातच उरते.

या आकड्यांची गंमत जुन्या यंत्राशेजारी ठेवून पाहिली की कळते. हार्ड डिस्क असलेले पहिले व्यापारी यंत्र आयबीएमने १९५६ साली आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाहून अधिक होते आणि त्यात ५० लाख अक्षरे मावत. आपले वरचे एक रंगीत पान त्यात मावले नसते.

आणखी एक हिशेब आधीच सांगून ठेवतो, कारण त्यावरून पुरवठादाराशी वाद होतात. ८ टेराबाइटची डिस्क संगणकात ७.२७ एवढीच दिसते. कुणी काही चोरलेले नसते. डिस्क बनवणारा टेराबाइट म्हणजे एकावर बारा शून्ये असे मोजतो, तर अनेक संगणकप्रणाली १,०२४ च्या पटीत मोजतात.

एकोणीस इंचांची चौकट

सर्व्हर ज्या लोखंडी चौकटीत बसतो तिला रॅक म्हणतात. तिची १९ इंची रुंदी संगणकासाठी ठरलेली नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या टेलिफोन यंत्रणेत उपकरणे एकावर एक रचण्यासाठी हे माप रूढ झाले. एक्स्चेंजमधली ती उपकरणे गेली, माप मात्र टिकले. उंची मोजायचे एकक ‘यू’ असे आहे. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. माणसाच्या उंचीचा रॅक बहुधा ४२ यूचा असतो. लहान ग्रंथालयाला पुरणारा सर्व्हर दोन यूचा, म्हणजे साडेतीन इंच उंचीचा असतो आणि त्याच्या दर्शनी भागात डिस्कचे बारा खण असतात.

रॅकच्या खांबांवरची भोके समान अंतरावर नसतात, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळते. दर यूमध्ये तीन भोके असतात. मधले भोक वरच्या-खालच्या भोकांपासून १५.८७५ मिलिमीटरवर असते, आणि एका यूचे शेवटचे भोक व पुढच्या यूचे पहिले भोक यांत १२.७ मिलिमीटर अंतर असते. ही जवळजवळची जोडी म्हणजे दोन मजल्यांमधली सीमारेषा. ती ओळखून तिथून मोजायला सुरुवात करायची. एक भोक चुकले तर डावी रेल वर, उजवी खाली अशी तिरपी बसते, किंवा सर्व्हर वरच्या उपकरणाला घासतो. चौकोनी भोकांत आधी केज नट बसवावे लागतात किंवा भोकांत थेट अडकणाऱ्या रेल घ्याव्या लागतात.

सर्व्हर उचलण्यापूर्वी डिस्क बाहेर काढतात. साडेतीन इंची एक डिस्क साधारण ७०० ग्रॅमची असते. आठ डिस्क काढल्या की साडेपाच किलो वजन उतरते आणि धक्क्याचा धोकाही टळतो. उचलायला दोन माणसे हवीत. जड वस्तू रॅकच्या तळाशी ठेवायची, आणि एका वेळी एकच उपकरण रेलवर पुढे ओढायचे, नाहीतर अख्खा रॅक पुढे झुकतो. डिस्क परत बसवताना कुठल्या क्रमांकाची डिस्क कुठल्या खणात गेली, हे कागदावर लिहून घ्यायचे. हा कागद पुढे सोन्याच्या मोलाचा ठरतो, कारण बिघडलेली डिस्क सोडून शेजारची चांगली डिस्क उपसली जाण्याचा धोका त्यामुळेच टळतो.

जागा, वारा, वीज

रॅक कुठे ठेवायचा? तळमजल्यावर किंवा तळघरात ठेवू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत काय झाले, आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये पाणी कुठवर चढले, हे आठवणाऱ्यांना याचे कारण सांगायला नको. पाण्याच्या टाकीखालची किंवा स्वच्छतागृहाला लागून असलेली खोलीही टाळावी.

सर्व्हर पुढून थंड हवा ओढतो आणि मागून गरम हवा फेकतो. म्हणून त्याला काचेच्या दाराच्या बंद कपाटात कोंडणे म्हणजे त्याचाच उच्छ्वास त्याला पुन्हा पाजणे. पुढून आत येणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सियस असावी, अशी या क्षेत्रात मान्य असलेली शिफारस आहे. रिकाम्या खणांतही कोऱ्या चौकटी सरकवून ठेवायच्या, नाहीतर हवा सोप्या वाटेने निघून जाते आणि डिस्क तापतात. पंख्यांचा आवाज मोठा असतो, त्यामुळे वाचनकक्ष हे या यंत्राचे ठिकाण नव्हे.

आवाजाचा उलटा त्रासही असतो. २००८ साली ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने चालू डिस्कांसमोर तोंड नेऊन जोरात ओरडून दाखवले आणि त्या क्षणी डिस्कांचा प्रतिसाद मंदावल्याचे आलेखावर दिसले. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टमधल्या एका बँकेच्या संगणककेंद्रात आग विझवण्याच्या वायूची चाचणी घेतली, तेव्हा वायू सुटण्याच्या प्रचंड आवाजाच्या कंपनांनी अनेक हार्ड डिस्क निकामी झाल्या. तबकडी फिरत असते आणि तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर वाचणारे टोक तरंगत असते, इतके हे नाजूक काम आहे. रॅकशेजारी जिन्याचे आदळणारे दार किंवा पाण्याचा पंप नको, तो याचसाठी.

विजेच्या बाबतीत बहुतेक गडबडी तारांच्या टोकाशी होतात. चांगल्या सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात. दोन्हींच्या वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचल्या, तर दुसऱ्याचा उपयोग काय? एक यूपीएसवर आणि दुसरा वेगळ्या सर्किटवर किंवा दुसऱ्या यूपीएसवर हवा. अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्यावे. यूपीएसने तासन्‌तास सर्व्हर चालवायचा नसतो. वीज गेल्यावर सर्व्हरला आटोपशीर बंद व्हायला दहा-पंधरा मिनिटे मिळाली की पुरे. मात्र ते आपोआप होण्यासाठी यूपीएस आणि सर्व्हर यांना जोडणारी एक बारीक केबल लागते, आणि बसवताना नेमकी तीच डब्यात राहते. मग बॅटरी संपते आणि लिहिता-लिहिता यंत्र विझते. चालू खर्चाचाही अंदाज हवा. यंत्र सरासरी २०० वॅट घेते असे धरले, तर वर्षाला १,७५२ युनिट होतात, वातानुकूलन वेगळे.

बेरजेची युक्ती

आता डिस्कांची मांडणी. डिस्क मरते, हे गृहीत धरूनच पुढचे सगळे रचलेले असते. १९८८ साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त लहान डिस्क एकत्र वापराव्यात आणि त्यातली एखादी गेली तरी माहिती परत मिळेल अशी सोय ठेवावी, असे त्यांचे म्हणणे. या पद्धतीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘रेड’ हा शब्द रूढ झाला.

युक्ती शाळकरी आहे. चार डिस्कांवर ७, ४, ९, ३ हे आकडे आहेत. पाचवीवर त्यांची बेरीज, २३, लिहून ठेवा. तिसरी डिस्क गेली, तर २३ मधून उरलेले तीन आकडे वजा करा, ९ परत मिळतात. प्रत्यक्षात आकडे शून्य आणि एकचे असतात आणि बेरजेऐवजी सम-विषमाची खूण ठेवली जाते. म्हणून तिचे नाव पॅरिटी. दोन डिस्क एकदम गेल्या तर एक समीकरण पुरत नाही. दोन अज्ञातांना दोन समीकरणे लागतात, म्हणून दुहेरी पॅरिटी.

ग्रंथालयाने दुहेरीच घ्यावी. कारण हिशेबात आहे. ८ टेराबाइटची नवी डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट वेगाने भरायची म्हटले तरी जवळपास पंधरा तास लागतात, आणि ग्रंथालयाचे काम चालू असेल तर त्याहून अधिक. या वेळात उरलेल्या सगळ्या डिस्क अखंड वाचल्या जातात. त्या बहुधा एकाच दिवशी, एकाच कारखान्याच्या एकाच खेपेतून आलेल्या असतात, म्हणजे वयाने आणि दोषांनी सख्ख्या बहिणी. त्यातली दुसरी नेमकी याच वेळी आजारी पडण्याची शक्यता असते. शिवाय साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात, साधारण साडेबारा टेराबाइट वाचनामागे एखादी न वाचता येणारी जागा निघू शकते, असे लिहिलेले असते. हा हमीचा आकडा आहे, रोजचा अनुभव नाही. पण एकेरी पॅरिटीत एक डिस्क गेल्यावर तेवढ्या चुकीलाही सावरणारे कुणी उरत नाही. आठ डिस्क, दुहेरी पॅरिटी, म्हणजे सहा डिस्कांची जागा, ४८ टेराबाइट. आपले ३१ टेराबाइट त्यात सुखाने राहतात आणि पुढच्या वाढीला चार खण मोकळे असतात.

ही मांडणी खास कार्डावर करता येते किंवा सॉफ्टवेअरवर. कार्ड बिघडले, तर बहुधा त्याच घराण्यातले कार्ड शोधावे लागते, आणि सात-आठ वर्षांनी ते बाजारात नसते. सॉफ्टवेअरने बांधलेला संच मात्र दुसऱ्या कुठल्याही संगणकाला जोडून वाचता येतो. म्हणून लहान संस्थेला मी सॉफ्टवेअरचा रस्ता सुचवतो.

नकळत बदललेले अक्षर

डिस्क मेली की कळते. न कळणारे दुखणे वेगळे आहे. डिस्क धडधाकट असते, फाइल उघडते, पण आतला एखादा बिट बदललेला असतो. चित्राच्या मध्यावर एक करडा पट्टा उमटतो, किंवा निम्मे पान काळे होते. हे कधी घडले ते कुणालाच माहीत नसते, आणि बॅकअप घेतला असेल तर त्यातही तोच बिघडलेला बिट इमानाने उतरलेला असतो.

आपल्या परंपरेला हा प्रश्न परका नाही. ज्ञानेश्वरीच्या नकला होत गेल्या तसे पाठ बिघडत गेले, आणि एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ती शुद्ध करून घेतली. ग्रंथरचनेनंतर जवळपास तीनशे वर्षांनी हे काम करावे लागले. नक्कल करणाऱ्याला आपली चूक दिसत नाही. ती पकडायला पडताळणी लागते.

यंत्रातली पडताळणी चेकसमने होते. फाइलच्या प्रत्येक तुकड्यावरून गणिताने एक ठरावीक खूण काढून ती वेगळ्या जागी ठेवतात. तुकड्यात एक बिट जरी बदलला, तरी नव्याने काढलेली खूण जुळत नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ साली खुली केलेली झेडएफएस ही फाइल-व्यवस्था प्रत्येक वाचनाच्या वेळी हे तपासते, आणि खूण जुळली नाही तर पॅरिटीतून योग्य तुकडा काढून जागच्या जागी दुरुस्त करते. जी पाने वर्षानुवर्षे कुणी उघडत नाही, त्यांच्यासाठी ‘स्क्रब’ असतो. महिन्यातून एकदा सगळा साठा आपण होऊन वाचून तपासायचा. तो मांडणीच्या वेळीच वेळापत्रकात लावून घ्यावा. ग्रंथालयातली सर्वांत मोलाची पाने बहुधा हीच, न उघडलेली असतात.

दिवे लागल्यानंतर

यंत्र सुरू झाले म्हणजे मांडणी संपली असे पुरवठादार समजतो. खरे तर इथे निम्मे काम उरलेले असते.

डिस्क गेली की तिच्यावर लाल किंवा नारिंगी दिवा लागतो आणि काम पूर्वीसारखेच चालू राहते. हीच सोय घातक ठरते. बंद खोलीतला दिवा कोण पाहणार? सर्व्हरने ई-मेल पाठवावा अशी व्यवस्था हवी, आणि तो संस्थेच्या दोन माणसांना जायला हवा, फक्त पुरवठादाराला नको. मांडणीच्या दिवशी एक डिस्क मुद्दाम बाहेर ओढून सूचना येते का, दुसरी डिस्क बसवल्यावर संच पूर्ववत होतो का, हे डोळ्यांदेखत पाहून मगच बिलावर सही करावी. साठा रिकामा असताना ही परीक्षा फुकट असते.

सर्व्हरमध्ये दुरून देखभाल करण्यासाठी एक वेगळा छोटा संगणक असतो. त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा आणि ती वायर इंटरनेटच्या वाटेवर ठेवू नये. मुख्य पासवर्ड बंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत असावा. स्कॅन केलेल्या मूळ प्रतींची जागा सर्वांना फक्त वाचण्यापुरती खुली असावी, आणि रोजचा ‘स्नॅपशॉट’, म्हणजे त्या क्षणाची न बदलणारी स्थिती, ठेवली जावी. खंडणीखोर विषाणू एखाद्या कारकुनाच्या संगणकातून सर्व्हरवर पोहोचला, तर कालची स्थिती तरी परत आणता येते.

यंत्राच्या हातात नसलेले

वरचे सगळे नीट केले, तरी राखले जाते ते डिस्क बिघडण्यापासून. माणूस, आग, पूर आणि हल्ला यांच्यापुढे एका खोलीतले यंत्र एकटेच असते.

१९९८ साली पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या जाऊ लागल्या. रेडने इथे काही केले नसते, कारण पुसण्याची आज्ञाही ते तितक्याच निष्ठेने सगळ्या डिस्कांवर पाळते. बॅकअप पाहिला, तर तोही नीट घेतला जात नव्हता. बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून गॅलिन सुसमन यांनी घरच्या संगणकावर प्रत ठेवली होती, तिने चित्रपट वाचवला.

जून २०१७ मधल्या नॉटपेट्या या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक पाडले. आपल्या न्हावा शेव्याच्या बंदरातले एक टर्मिनलही त्यात ठप्प झाले. कंपनीच्या साऱ्या जाळ्याची ओळखनोंद ठेवणारे सर्व्हर एकमेकांच्या प्रती होते, आणि जोडलेले असल्यामुळे एकदमच गेले. एक उरला, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. लोडशेडिंगचे गुण गावेत अशी ही जगातली बहुधा एकमेव घटना असेल, पण तिचा धडा पक्का आहे. एक प्रत वायरीपासून तुटलेली हवी.

आणि २६ सप्टेंबर २०२५ ची दक्षिण कोरियातली आग. देजॉन शहरातल्या सरकारी माहिती-केंद्रात यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली आणि सरकारी नोकरांच्या कामाच्या फायली ठेवणारी एक यंत्रणा जळाली. ८५८ टेराबाइट गेले. साठा फार मोठा असल्यामुळे त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. संगणकशास्त्रात पुढारलेल्या देशाची ही कथा आहे. तिथे पैसा आणि ज्ञान कमी नव्हते, दुसऱ्या प्रतीचा निर्णय तेवढा कमी होता.

यावरचा उपाय जुनाच आहे. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो ‘३-२-१’ असा लोकप्रिय केला. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. ग्रंथालयासाठी याचा अर्थ असा, की रॅकमधला सर्व्हर ही पहिली प्रत. दुसरी प्रत टेपवर किंवा सुट्या डिस्कांवर, काम झाले की वायर काढून ठेवलेली. तिसरी दुसऱ्या गावात. दोन जिल्ह्यांतल्या दोन ग्रंथालयांनी एकमेकांची प्रत सांभाळायचे ठरवले, तर ती व्यवस्था स्वस्त पडते. पैसे कमी असतील तर बारा खणांचा एक भारी सर्व्हर घेण्यापेक्षा साधे दोन घेऊन दोन गावांत ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पुरवठादार हे सुचवणार नाही. ते कार्यकारिणीने मागायचे आहे.

अंदाजपत्रकातही हा खर्च एकदाचा म्हणून दाखवू नये. डिस्कांची हमी फार तर पाच वर्षांची असते. दर पाच-सात वर्षांनी सगळा साठा नव्या यंत्रावर उतरवावा लागणार, हे आजच्या ठरावातच लिहिलेले असावे.

पाडव्याची वही

शेवटी एक छोटी सूचना. रॅकशेजारी एक साधी कागदी वही ठेवावी. तीत डिस्कांचे क्रमांक, कुठली कधी बदलली, स्क्रब केव्हा झाला, दुसऱ्या गावातली प्रत केव्हा ताजी केली, हे तारखेसह लिहावे. संगणकाची हकीकत संगणकातच ठेवली, तर तो पडल्यावर ती वाचायची कशी?

आपल्याकडे दिवाळीत वह्यांची पूजा होते, नवे खाते उघडले जाते. ग्रंथालयाने त्याच सुमारास वर्षातून एकदा एक परीक्षा घ्यावी. ग्रंथपालाने डोळे मिटून यादीतली दहा पाने निवडावीत. ती सर्व्हरवरून न घेता दुसऱ्या गावातल्या प्रतीतून मागवावीत, उघडावीत आणि कपाटातल्या मूळ कागदाशेजारी ठेवून पाहावीत. दहाही पाने आली, तर वहीत तारीख घालून दोघांनी सह्या कराव्यात. नऊच आली, तर दहाव्याचा शोध त्याच दिवशी सुरू करावा, कारण मूळ कागद अजून हाताशी आहे.